हिरवं रान, रिकामे घाटे : मीठ हरभऱ्याचं काय करतं?

ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी आजचा भाग इथं लिहून देतोय.

गेल्या हिवाळ्यात मामांचा फोन आला. त्यांचं रान पाथरीकडं, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली. म्हणाले, "अरे, हरभरा हिरवागार आहे, फुलं पण लागली, पण घाटेच धरंनात. टॉनिक मारू का?" मी म्हटलं, "मामा, थांबा. आधी माती तपासू." रिपोर्ट आला : क्षार जास्त.

आता म्हणाल, समुद्र कुठं अन् परभणी कुठं! पण आपल्या भारी काळ्या मातीत निचरा हळू होतो. वर्षानुवर्षं जास्त पाणी दिलं की जमिनीतली पाणीपातळी वर येते. उन्हानं पाणी उडून जातं, क्षार मात्र वरच्या थरात राहतात.

मग पानं हिरवी आणि घाटे रिकामे, असं का? खारट मातीत ओल असली तरी मुळांना पाणी ओढणं जड जातं. त्यात सोडियम झाडात साठत जातो. पानं काही दिवस तग धरतात. पण दाणा घडायला पाणी आणि साखर सतत लागते. पुरवठा कमी पडला की झाड आधी फुलं आणि कोवळे घाटे सोडतं. भातात परागकणच निकामी होतात. हरभऱ्यात पराग बऱ्यापैकी ठीक राहतो, पण फुलं कमी लागतात आणि घाटे गळतात.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये हरभऱ्याचे अडीचशेहून जास्त नमुने खारट मातीत वाढवून पाहिले. २००७ साली निष्कर्ष छापून आला : फुलोऱ्याआधीच्या वाढीवरून शेवटचं उत्पन्न सांगता येत नाही. ज्यांनी दाण्यांची संख्या राखली, तेच टिकले. म्हणजे नुसत्या हिरवेपणावर जाऊ नका.

मग करायचं काय? पेरणीआधी माती आणि विहीर-बोअरचं पाणी, दोन्ही तपासा. रिपोर्टमध्ये ईसी बघा. ४ च्या वर गेली की जमीन खारवट धरतात, पण हरभऱ्याला त्याच्या आतच त्रास सुरू होतो. खारवट जमिनीला चर काढून निचरा आणि गोडं पाणी हवं. जिप्सम चोपण जमिनीसाठी. रिपोर्ट न बघता टाकू नका.

मामांचा तो हंगाम गेलाच. टॉनिकचे पैसे तेवढे वाचले, आणि उन्हाळ्यात त्यांनी बांधाकडेनं चर खोदला.

तुमच्या रानात असं झालंय का? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!