दीडशे वॉटचा डबा

इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी खरंच संपली आहे का, हा वाद बुधवार पेठेतल्या एका दुकानात रोजचा. गिऱ्हाईक म्हणतं, घेऊन वर्षसुद्धा झालं नाही. दुकानदार म्हणतो, हिच्यात निम्माही दम उरलेला नाही. निवाडा करतो टेबलावरचा एक छोटा डबा. पंखा, दोन नॉब आणि वर चमकणारे आकडे. बॅटरी त्याला जोडायची, ठरावीक करंट ओढायचा आणि ती रिकामी होईपर्यंत किती अँपिअर-तास निघाले ते वाचायचं. हा इलेक्ट्रॉनिक डमी लोड. वीज घ्यायची आणि तिची उष्णता करून टाकायची, एवढंच त्याचं काम. त्याच्या शब्दावर माणसं हजारो रुपयांची बॅटरी टाकून देतात, पण त्याच्या आत काय आहे ते त्या दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं. सोबत आलेल्या कागदावर सर्किट नाही. मोठ्या अक्षरांत छापलेलं आहे ते फक्त '150 वॉट'.

तिथे बॅटऱ्यांचं काम सांभाळणाऱ्या ताईंनी तो उघडून त्याचं सर्किट स्वतः काढायला घेतलंय असं कळलं, म्हणून मी गेलो. त्या आयटीआय शिकलेल्या. गल्लीतली पोरं अडली की बोर्ड घेऊन त्यांच्याकडेच येतात.

स्क्रू काढले, हीट सिंक सोडवला, बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. खालच्या बाजूचा फोटो उलटा फिरवून वरच्या फोटोशी जुळवला, म्हणजे एका बाजूची तार दुसऱ्या बाजूला कुठे उतरते ते दिसतं. मग मल्टिमीटरचे दोन प्रोब आणि रंगीत पेनं. बीप वाजलं की त्या दोन टोकांमध्ये कागदावर रेघ. रेझिस्टरच्या अंगावरचे आकडे ताई वाचतसुद्धा नव्हत्या, नुसतं बघून सांगत होत्या. 103 म्हणजे दहा किलोओहम, 01C म्हणजेही दहा किलोओहम, R010 म्हणजे ओहमचा शंभरावा भाग.

हात थबकला तो आठ पायांच्या एका आयसीपाशी. तिच्यावरचं नाव घासून पुसलेलं होतं. कुणी नक्कल करू नये म्हणून कारखान्यात मुद्दाम घासतात. मला याचा राग येतो. ज्यानं वस्तू विकत घेतली त्याच्यापासूनच तिचं नाव लपवायचं! ताईंना राग-बिग काही नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि नुसत्या कानांनी प्रोब फिरवायला लागल्या. चौथा पाय ग्राउंडला, बीप. आठवा पाय सप्लायला, बीप. एक-दोन-तीन हे पाय एका बाजूला, पाच-सहा-सात तसेच दुसऱ्या बाजूला. मग डोळे उघडून म्हणाल्या, "डबल ऑप-अँप आहे सर. थ्री-फाइव्ह-एट असणार, नाहीतर त्याचा भाऊ." नाव घासलं तरी पाय कुठे जातात ते कुणाला घासता येत नाही. त्या दुपारी मी पाहिलेलं सगळ्यात सुंदर काम हे होतं, आणि मनात अजून तेच घोळतं आहे.

एवढं कळल्यावर बाकीचं चित्र भराभर उभं राहिलं. नॉब फिरवला की ऑप-अँपच्या एका पायावर बारीकसं व्होल्टेज येतं. बॅटरीचा करंट आयआरएफपी 250एन नावाच्या जाड मॉस्फेटमधून आणि पुढे त्या R010 मधून जातो. R010 वर पडणारं व्होल्टेज ऑप-अँपच्या दुसऱ्या पायावर येतं. दोन्ही सारखी होईपर्यंत ऑप-अँप मॉस्फेटचं गेट कमी-जास्त उघडत राहतो. इथपर्यंत रचना सरळ आहे आणि प्रामाणिकही.

पण R010 मध्ये एक अँपिअरला मिळतात फक्त दहा मिलिव्होल्ट. या जातीच्या स्वस्त ऑप-अँपची मुळातलीच चूक दोन-तीन मिलिव्होल्टची असू शकते, म्हणजे दोनशे-तीनशे मिलिअँपिअर. आकडे दाखवणारा मायक्रोकंट्रोलर ती वजा करून टाकू शकतो, पण डबा तापला की चूक पुन्हा सरकते. फ्यूज कुठेच सापडला नाही. बॅटरी उलटी जोडली तर मॉस्फेटच्या पोटातला डायोड सगळा करंट बिनदिक्कत जाऊ देईल. ताईंनी तिथे लाल पेनाने गोल केला.

आता ते 150 वॉट. आयआरएफपी 250एनच्या डेटाशीटमध्ये 214 वॉट लिहिलेलं असतं, पण ते मॉस्फेटची पाठ 25 अंशांवर राहिली तरच. आतली सिलिकॉनची चकती 175 अंशांपर्यंतच तग धरते आणि दर वॉटमागे ती पाठीपेक्षा 0.7 अंशाने जास्त तापते. म्हणजे 150 वॉट हवे असतील तर पाठ 70 अंशांच्या वर जाऊन चालणार नाही. पाठ 100 अंशांवर गेली की उरतात जेमतेम 107. शिवाय असे मॉस्फेट बनतात ते स्विचसारखे पटकन चालू-बंद करण्यासाठी. इथे त्याला तासन् तास अर्धवट उघडं धरून ठेवलेलं असतं, आणि अशा वेळी चकतीवर एखादाच ठिपका बाकीच्यापेक्षा जास्त तापून फुटू शकतो. एवढासा पंखा, एवढासा ॲल्युमिनियमचा ठोकळा, आणि म्हणे 150 वॉट.

48 व्होल्टची म्हणून विकली जाणारी तेरा सेलची बॅटरी पूर्ण भरली की 54.6 व्होल्टवर असते. तीन अँपिअर ओढले तर पहिल्याच मिनिटाला 164 वॉट. ताई आजवर तीन अँपिअरच लावत होत्या. पंख्यातून तापलेल्या धुळीचा वास यायचा, आणि "नवीन आहे, येणारच" असं सगळे म्हणायचे. त्या वासाचा अर्थ आता कागदावर मांडलेला होता.

अशी वस्तू स्वस्त असावी याला माझी हरकत नाही. ती स्वस्त आहे म्हणूनच आमच्या गल्लीबोळातल्या मेकॅनिकला परवडते. टेक्ट्रॉनिक्स किंवा ह्यूलेट-पॅकर्डच्या जुन्या उपकरणांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट छापलेलं असायचं. तो कागद या डब्यासोबत द्यायला कितीसा खर्च येतो? मोजमापाचं साधन विकायचं आणि ते कसं मोजतं हे लपवायचं, हा व्यापार मला मान्य नाही.

ताईंनी काढलेलं सर्किट स्वच्छ करून टेबलामागच्या भिंतीवर लावलं आहे. डब्याच्या तारेत फ्यूज बसला आहे. बॅटरी आता दीड अँपिअरवर तपासतात. त्यामुळे दहा अँपिअर-तासांच्या बॅटरीला तीन तास वीस मिनिटांऐवजी सहा तास चाळीस मिनिटं लागतात. गिऱ्हाइकाला सकाळी बॅटरी ठेवून संध्याकाळी यायला सांगतात, आणि कुणी का म्हणून विचारलं तर भिंतीवरचा कागद दाखवतात. तुमच्याकडे असा डबा असेल तर छापलेल्या वॉटच्या निम्म्यावर वापरा, आणि तारेत आधी फ्यूज घाला.