समुद्रांतील वडवानल

शास्त्रीय कल्पनेवर रचलेल्या कादंबरीला आयुष्य थोडें, असा सामान्य समज आहे. आज जें अद्भुत वाटतें तें उद्यां बाजारांत मिळूं लागतें, आणि मग त्यांतील नवल सरतें. फ्रेंच ग्रंथकार ज्यूल व्हर्न याची ‘समुद्राखालीं वीस हजार लीग’ ही कादंबरी मात्र या समजास अपवाद ठरली आहे. मार्च १८६९ पासून जून १८७० पर्यंत ती पॅरिसच्या एका कौटुंबिक पाक्षिकांत क्रमशः प्रसिद्ध झाली. त्याला दीडशें वर्षें उलटलीं, तरी अनेक भाषांतील वाचकांचें तिच्यावरील प्रेम आटलेलें नाहीं. तें कशामुळें टिकलें, याचा विचार आम्ही येथें करणार आहोंत.

यंत्रामुळें टिकलें म्हणावें, तर तसें नाहीं. पाणबुडी ही व्हर्नची कल्पना नव्हे. रॉबर्ट फुल्टन यानें १८०० सालींच फ्रान्समध्यें ‘नॉटिलस’ नांवाची पाणबुडी पाण्यांत उतरविली होती. तेंच नांव व्हर्ननें आपल्या सत्तर मीटर लांबीच्या, विजेवर चालणाऱ्या नौकेस दिलें. पुढें १९५४ सालीं अमेरिकेनें अणुशक्तीवर चालणारी पहिली पाणबुडी समुद्रांत सोडली, तिचेंहि नांव ‘नॉटिलस’. १९५८ सालीं ती उत्तर ध्रुवाखालून गेली. अर्थात् यंत्राचें नवल केव्हांच संपलें. वीस हजार लीग ही खोली नसून प्रवासाचें अंतर आहे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. तें सुमारें ऐंशीं हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला दोन प्रदक्षिणा, इतकें भरतें.

वाचक परततो तो नौकेच्या नायकाकडे, कॅप्टन नेमोकडे. लॅटिन भाषेंत नेमो म्हणजे ‘कोणीहि नव्हे’. बारा हजार ग्रंथ जवळ बाळगणारा हा विद्वान् पुरुष लंकेच्या किनाऱ्यावर मोत्यांसाठीं बुडी मारणाऱ्या एका गरीब हिंदी माणसाला वांचविण्याकरितां खंजीर घेऊन शार्कवर धांवतो. आपण मरेपर्यंत पीडितांच्याच देशाचे राहूं, असें तो सांगतो. आणि तोच पुढें एक युद्धनौका माणसांसकट बुडवितो, व नंतर आपल्या खोलींत एक स्त्री आणि दोन मुलें यांच्या चित्रापुढें गुडघे टेकून हुंदके देतो!

नेमो हा रशियनांनीं ज्याचें कुटुंब मारलें असा पोलिश सरदार असावा, असें व्हर्नच्या मनांत होतें. प्रकाशक हेट्झेल यास तें मानवलें नाहीं, म्हणून या कादंबरींत त्याचें कुळ गुप्तच राहिलें. पुढें ‘गूढ बेट’ (१८७४–७५) या कादंबरींत तो बुंदेलखंडच्या राजाचा पुत्र निघाला. १८५७ च्या उठावांत लढून सर्वस्व गमावलेला!

महाभारताच्या आदिपर्वांतील और्वाचें आख्यान आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. क्षत्रियांनीं भृगुकुळाचा, गर्भांतील बालकांसकट, संहार केला. त्यांतून वांचलेला और्व सर्व लोक जाळावयास निघाला. तेव्हां पितरांनीं येऊन त्यास आवरलें. त्यानें तो क्रोधाग्नि समुद्रांत टाकला, व तोच वडवानल झाला. और्वाचा क्रोध अकारण नव्हता. परंतु अपराधी कोण व निरपराध कोण, हें अग्नीला समजत नाहीं. नेमोचा क्रोधहि समुद्रांतच जळतो. मात्र त्यास आवरणारें वडील माणूस उरलेलें नाहीं. कथा सांगणारा प्राध्यापक आरोनाक्स त्याच्या विद्वत्तेनें मोहित होतो व त्याच्या सूडानें हादरतो. त्या दोन भावनांचा निकाल व्हर्ननें लावला नाहीं. तो वाचकावर सोंपविला आहे. प्रत्येक पिढी ही कादंबरी पुन्हां उघडते ती यामुळेंच, असें आमचें मत आहे.

म्हणून ही कादंबरी केवळ मुलांच्या सुटींतील करमणूक समजून तिचें त्रोटक रूप त्यांच्या हातीं देणें बरें नव्हे. १८७० नंतरच्या दशकांत निघालेल्या व पुष्कळ वर्षें चाललेल्या इंग्रजी भाषांतरांत सुमारें चतुर्थांश मजकूर गाळलेला होता. मिळेल तितकें संपूर्ण भाषांतर घ्यावें, रात्रीं जेवणें आटोपल्यावर सर्वांनीं मिळून वाचावें, आणि ती युद्धनौका बुडविण्यांत नेमोनें योग्य केलें काय, हें घरांतील प्रत्येकास विचारावें. आजोबांचें उत्तर एक आणि नातवाचें दुसरें आलें, तर तो वाद दोन दिवस खुशाल चालूं द्यावा.