पन्नास रुपयांचा घोडा

काशीत अस्सी घाटाच्या अलीकडे भदैनी नावाचा मोहल्ला आहे. पेशव्यांचे बंधू चिमाजी अप्पा काशीवास करून राहिले होते आणि मोरोपंत तांबे त्यांच्या पदरी होते. मोरोपंतांच्या घरी इथे जी मुलगी जन्मली तिचं नाव मणिकर्णिका. जन्मवर्ष कुणी 1828 धरतात, कुणी 1835. पुढे ती झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. आज त्या जागी स्मारक आहे आणि स्मारकात घोड्यावर स्वार राणी. बघणाऱ्याची नजर आधी तलवारीवर जाते, मग चेहऱ्यावर. घोड्याकडे कुणी फारसं बघत नाही. राणीने मात्र आधी घोडाच पाहिला असता.

असं म्हणायला आधार आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे सत्तावन्नच्या धामधुमीत झाशीत होते. त्यांचं ‘माझा प्रवास’ 1907 साली छापून आलं. त्यात ते बाईसाहेबांच्या, म्हणजे राणीच्या, अश्वपरीक्षेची एक गोष्ट सांगतात. एक सौदागर दोन घोडे घेऊन आला. दोन्ही दिसायला उमदे. बाईसाहेबांनी दोन्ही फिरवून पाहिले आणि एकाची किंमत हजार रुपये केली, दुसऱ्याची पन्नास. कारण विचारल्यावर म्हणाल्या, याची छाती दुखावलेली आहे. सौदागराने ते कबूल केलं.

पाय मोडलेला घोडा कवडीमोल, हे कुणालाही कळतं. पण छाती दुखावली म्हणून हजाराचे पन्नास व्हावेत, एवढं छातीत काय असतं? हा प्रश्न धरून घोड्याभोवती एक फेरी मारली, तर त्याच्या शरीराची बरीचशी रचना उलगडते.

आधी स्वतःच्या गळ्याखाली हात लावून पाहा. दोन्ही बाजूंना खांद्यापर्यंत गेलेलं आडवं हाड लागेल. आपला हात धडाला हाडाने जोडलेला आहे तो या हाडामुळे. घोड्याला हे हाडच नाही. त्याचे पुढचे दोन्ही पाय धडाशी कुठेही हाडाने सांधलेले नाहीत. खांद्याची दोन रुंद फरी-हाडं दोन्ही बाजूंना उभी असतात आणि त्यांच्या मधोमध छातीचा पिंजरा स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. झाडाच्या दोन फांद्यांना साडी बांधून तान्ह्या लेकराची झोळी करतात, तसाच. या झोळीतला मुख्य स्नायू पंख्यासारखा पसरून बरगड्यांवर दातेरी कडेने चिकटलेला असतो. छातीचे स्नायू खालून त्याला साथ देतात.

आता वजनाचं बघू. मान आणि डोकं पुढे असल्यामुळे उभ्या घोड्याचं सुमारे साठ टक्के वजन पुढच्या पायांवर येतं. घोडा साडेचारशे किलोचा धरला, तर पावणेतीनशे किलो. त्यावर खोगीर आणि स्वार, तेही पाठीच्या पुढच्या भागात. चर ओलांडून घोडा पलीकडे उतरतो तेव्हा क्षणभर सगळा भार पुढच्याच पायांवर असतो आणि तो झेलते ही झोळी. हाडाचा सांधा असता तर धक्का थेट कण्याला पोचला असता. स्नायू तो वाटेत जिरवतात. हीच झोळी फाटली, की घोडा उभा उमदा दिसेल, खरारा केला की चकाकेलही, पण उतारावर पाऊल आखडून टाकेल आणि वळताना एक खांदा चोरेल. आजचा पशुवैद्यही घोडा नुसता उभा बघून मत देत नाही. आधी सरळ चालवतो, मग दुडकी चाल धरायला लावतो, मग गोल फिरवतो. लढाईत ज्याच्यावर जीव टाकायचा तो घोडा खांदा चोरणारा असेल, तर पन्नास रुपयेही जास्तच झाले.

छातीखालून पायांकडे येऊ. घोड्याच्या पुढच्या पायाला मध्यावर जो सांधा दिसतो त्याला आपण गुडघा म्हणतो. तो गुडघा नव्हे, मनगट आहे. टेबलावर तळहात टेकवा. आता तळवा उचला, फक्त बोटं टेकलेली ठेवा. मग अंगठा आणि करंगळी उचला, त्यांच्या शेजारची बोटंही उचला, आणि उरलेलं मधलं बोट नखाच्या टोकावर उभं करा. घोडा जन्मभर असा उभा असतो, चारही पायांवर. त्याचा खूर म्हणजे त्या एकुलत्या बोटाचं नख. उरलेल्या बोटांपैकी दोहोंच्या खुणा काडीसारख्या बारीक हाडांच्या रूपाने नळीच्या दोन्ही बाजूंना शिल्लक आहेत. मागच्या पायात जो कोपरासारखा उलटा वळलेला टोकदार सांधा दिसतो, तो घोटा आणि टाच. घोड्याचा खरा गुडघा त्याच्या वर, पोटाच्या कडेपाशी असतो.

या तथाकथित गुडघ्याच्या खाली स्नायू जवळजवळ नाहीतच. आहेत ते हाड, लांब दोरखंडासारखे कंडरे आणि कातडी. सगळं मांस वर, धडाजवळ गोळा झालेलं. हलका पाय झटकन पुढे टाकता येतो. पायाच्या टोकाला वजन असतं, तर प्रत्येक पावलाला ते ओढत न्यावं लागलं असतं. पाऊल पडतं तेव्हा खुरावरचा सांधा जमिनीकडे दबतो, कंडरे रबरासारखे ताणतात आणि पाय उचलताना तोच ताण परत देतात. धावण्यातली बरीच मेहनत अशी फुकटात होते. किंमत मात्र वेगळ्या रीतीने चुकवावी लागते. मांसाचं आवरण नसतं आणि कंडरा दुखावला की भरून यायला महिनोन्‌महिने लागतात. म्हणून जाणकार माणूस नळीच्या मागून बोटं फिरवत खाली येतो आणि कुठे ऊब लागते, कुठे सूज लागते ते पाहतो. डोळ्याला न दिसणारी दुखापत तिथे हाताला सापडते.

खूर उचलून पाहिला तर बाहेरची टणक भिंत दिसते, आत तळवा, आणि मधोमध टाचेकडून पुढे निमुळती होत गेलेली मऊ, त्रिकोणी गादी. भिंत महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढते. वरच्या कडेशी आज तयार झालेलं नख पुढच्या टोकाशी पोचायला वर्षभर लागतं. नालबंद खिळे मारतो ते या मेलेल्या भिंतीत, म्हणून घोड्याला दुखत नाही. खिळा जरासा आत गेला तर मात्र घोडा लंगडतो. पाऊल पडलं की गादी दबते, खूर किंचित पसरतो आणि आतलं रक्त वर ढकललं जातं. खुराच्या आतलं हाडही पुन्हा टांगलेलंच आहे! ते तळव्यावर टेकलेलं नसतं. शेकडो बारीक पापुद्र्यांनी भिंतीला आतून लटकलेलं असतं. भरमसाट दाणा खाऊन किंवा तापाने हे पापुद्रे सुजले तर हाड निसटून खाली येतं. वर छाती झोळीत, खाली हाड पापुद्र्यांत: घोडा हा दोन्ही टोकांना टांगलेला प्राणी आहे.

भदैनीहून घाटाघाटाने उत्तरेकडे चालत गेलं की दशाश्वमेध लागतो. ब्रह्मदेवाने इथे दहा अश्वमेध केले ही पुराणातली कथा. इतिहासकार काशीप्रसाद जायसवालांनी घाटाच्या नावाचा संबंध भारशिव नाग राजांशी जोडला आणि त्यासाठी लागणारा धागा मिळाला तो आपल्या विदर्भात. अमरावती जिल्ह्यातल्या चम्मक इथे सापडलेल्या वाकाटक ताम्रपटात भारशिवांनी दहा अश्वमेध करून अवभृथस्नान, म्हणजे यज्ञाअखेरचं स्नान, केल्याचा उल्लेख आहे. अश्वमेधात घोड्याचं शरीर नुसतं पूजत नसत, विधीने उलगडत. त्यामुळे ऋत्विजांना घोडा आतूनही ठाऊक होता. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात दीर्घतमा ऋषीच्या नावे असलेल्या अश्वसूक्तात घोड्याच्या बरगड्यांची संख्या सरळ दिली आहे: चौतीस.

आज मोजल्या तर छत्तीस भरतात, अठरा जोड्या. मग ऋषींचं मोजणं चुकलं का? घोड्यांत एखादी जोडी कमी-जास्त आढळते, सतरा जोड्यांचे घोडेही असतात. काही अभ्यासक म्हणतात की हा आकडा आकाशातून आला: सत्तावीस नक्षत्रं, पाच ग्रह, सूर्य आणि चंद्र मिळून चौतीस. मला पहिलं उत्तर जास्त पटतं. ज्यांच्या हातात सुरी होती त्यांनी बरगड्या नीट मोजल्या असणार. असो. अठरापैकी पहिल्या आठ जोड्या छातीच्या हाडाला भिडतात, उरलेल्या दहा मागे मोकळ्या होत जातात. कणा मानेत सात, पाठीत अठरा, कमरेत सहा आणि पुठ्ठ्यात जुळून एक झालेले पाच मणके असा जातो; पुढे शेपटीत पंधरा ते एकवीस. मानेतला आकडा आपल्याइतकाच आहे. एवढी लांब मान, पण मणके सातच.

बृहदारण्यक उपनिषद अश्वमेधाच्या घोड्यातच सगळं विश्व पाहून सुरू होतं. त्यात नद्या म्हणजे घोड्याची आतडी आणि वाळू म्हणजे पोटातलं अर्धवट पचलेलं अन्न. आतडी एकूण तीस मीटरच्या आसपास भरतात, म्हणजे नदीची उपमा फारशी सैल नाही. पण जठर मात्र लहान, आठ ते पंधरा लिटर. गाय रवंथ करते, तिच्याकडे पोटाचे चार कप्पे आहेत. घोडा रवंथ करत नाही. त्याचं गवत आंबतं ते पार मागे, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या एका प्रचंड पिशवीत. ती मीटरभर लांब असते आणि तीत तीसेक लिटर मावतं. म्हणून घोड्याला थोडं थोडं, दिवसभर चरायला हवं. त्याला पित्ताशयही नाही. पित्त साठवायचं कशाला, ते सतत झिरपत राहतं. आणि घोड्याला वांती होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेली स्नायूंची कडी इतकी घट्ट आहे की आत गेलेलं उलट येत नाही. एकदम दाण्याचं घमेलं पुढे ठेवलं की पोटशूळ उठतो, आणि त्या दुखण्याने घोडे मरतात.

तोंडाकडे यायचं तर मराठी माणसाला आधी गाय आठवते: धर्माची गाय आणि दात का गं नाय. घोड्याचे दात मात्र फुकटच्या घोड्याचेही पाहावेत. पाच वर्षांपर्यंत दुधाचे पुढचे दात पडून पक्के येतात, त्यामुळे वय बऱ्यापैकी नेमकं कळतं. पुढे झिजेवरून अंदाज. नराला साधारण चाळीस, घोडीला छत्तीस, कारण सुळे बहुधा नरालाच येतात. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीची मोकळी जागा असते. लगामाची कडी तिथे बसते. ती फट नसती तर माणूस घोड्यावर कसा बसला असता, कोण जाणे.

घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने. चौखूर उधळला की प्रत्येक झेपेला एक श्वास, असा ताल बसतो. स्वस्थ उभ्या घोड्याचं काळीज मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं आणि भरधाव धावताना दोनशेच्या वर जातं. त्या वेळी प्लीहा आकसते आणि तिच्यात साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते.

राहिला डोळा. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत घोड्याचे डोळे सर्वांत मोठ्यांपैकी आहेत. ते डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसतं, साधारण साडेतीनशे अंश. दिसत नाही ते शेपटीच्या थेट मागे आणि कपाळाच्या अगदी पुढे. म्हणून मोतद्दार मागून येत नाही, बाजूने, बोलत येतो. दोन्ही डोळ्यांनी एकदम दिसणारा पट्टा अरुंद असतो आणि खोलीचा नीट अंदाज त्या पट्ट्यातच येतो. उडी घ्यायच्या शेवटच्या क्षणी अडथळा त्याच्या नजरेआड गेलेला असतो. घोडा उडी मारतो ती आधी पाहून ठेवलेल्या अंदाजावर. सरावाच्या घोड्याला आणि त्याच्या स्वाराला एकमेकांचा भरवसा असतो. नव्या घोड्याला काळं, चकाकतं, खोली न कळणारं पाणी दिसलं की तो पाय रोवतो.

जून 1858 मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथे शेवटच्या लढाईत राणीच्या मांडीखाली नेहमीचा घोडा नव्हता, असं मराठी चरित्रांतून सांगत आले आहेत. नवा घोडा एका नाल्याच्या काठाशी येऊन थांबला आणि काही केल्या पुढे जाईना.