तान्ह्या बाळाला घेऊन गावाला केव्हा निघावे?

मुलांच्या परीक्षा संपल्या की घरोघरी सुट्टीचे बेत सुरू होतात. कोणाला गोव्याला समुद्रावर जायचे असते, कोणाला वेलांकणीचा नवस फेडायचा असतो, कोणाच्या बहिणीकडे इंदूरला लग्न असते. अशा वेळी ज्या घरात नुकताच पाळणा हलला आहे तेथली माणसे विचारात पडतात. बाळ वीस दिवसांचे, नाहीतर दोन महिन्यांचे. त्याला न्यावे की नेऊ नये? थोरली मुले हटून बसलेली असतात. आजी "नको" म्हणते. बाळाचा बाप म्हणतो, "अगं आई, विमानात दहा-दहा दिवसांची मुले बसतात, आपल्या मोटारीला काय धाड भरली आहे?"

एकच दिवस सर्वांना सांगता येणार नाही. तरी पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या आणि अंगावर नीट पिणाऱ्या बाळासाठी आम्ही असे सांगू: पहिले सहा आठवडे घरच बरे. सहा आठवड्यांची लस टोचून झाली की जवळचा, दोन-चार तासांचा प्रवास चालेल. हौसेचा लांबचा प्रवास मात्र तीन महिने पुरे झाल्यावर, आणि जमले तर चौदा आठवड्यांची लस झाल्यावर करावा. असे का, ते समजले म्हणजे आपल्या घरचा निर्णय आपल्यालाच घेता येईल.

भाताचा तरवा आपण पंचांग पाहून उपटत नाही. दिवस मोजतो हे खरे, पण रोपाला चार-पाच पाने आली का, बुंधा धरला का, लावायच्या वाफ्यात पाणी आहे का, हेही पाहतो. बाळाचेही तसेच आहे. वय मोजावे, पण बाळाकडेही पाहावे आणि ज्या ठिकाणी न्यायचे त्या ठिकाणाकडेही पाहावे.

आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना पाळण्याची जुनी रीत आहे. तिच्यातल्या काही गोष्टी आम्हाला मुळीच पटत नाहीत. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचा धूर कोंडणे, तिला पाणी कमी देणे, खिडकी बंद ठेवणे याने अपायच होतो. पण सव्वा महिना बाहेर जायचे नाही, ही गोष्ट आजच्या वैद्यकालाही धरून आहे. सव्वा महिना म्हणजे अडतीस दिवसांच्या आसपास, आणि सरकारी आरोग्य कार्यक्रमात नवजात बाळाची घरी येऊन होणारी शेवटची तपासणी ४२ व्या दिवशी असते. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, वजन करते, ताप पाहते, बेंबी पाहते. या भेटींमागे गडचिरोलीचा अनुभव आहे. तेथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून ३९ खेड्यांत घरोघरी बाळांची काळजी घेतली. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, असे त्यांनी १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत प्रसिद्ध केले. २०११ पासून ही गृहभेटीची पद्धत देशभर सुरू झाली. आता सांगा, बाळ या दिवसांत बसच्या सीटवर किंवा परक्या गावात असेल, तर आशाताईने भेटावे कोणाला? माहेरी बाळंतपण झाले असल्यास तिथल्या आशाताईला अवश्य कळवावे, आणि आपले तायी कार्ड बरोबर ठेवावे.

पहिल्या दोन आठवड्यांत बाळ रोज बदलत असते. जन्मल्यानंतर त्याचे वजन थोडे घटते. ते साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पुन्हा जन्मवजनावर यावे, आणि पुढे रोज वीस-तीस ग्रॅमने वाढावे. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पुष्कळ बाळे पिवळी दिसतात. बहुतेकांची कावीळ आपोआप उतरते, पण तळहात-तळपाय पिवळे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. नाळ गळून बेंबी सुकायला आठवडा-दोन आठवडे जातात. या दिवसांत दवाखान्यातून घरी येण्याखेरीज दुसरा प्रवास करूच नये.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट, तापाची. मोठ्या मुलाला ताप आला तर आपण एक दिवस वाट पाहतो, कपाळावर पाण्याची पट्टी ठेवतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत वाट पाहणे धोक्याचे आहे. एवढ्या लहान वयात रक्तात जंतू शिरले तर बाहेर दुसरे काही दिसत नाही. नुसते अंग तापते. कधी तर उलट अंग थंडच पडते. काखेत थर्मामीटर लावून ३७.५ सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरले, किंवा ३५.५ सेल्सिअसच्या खाली उतरले, तर बाळाला लगेच डॉक्टरकडे न्यावे. औषधाचे थेंब देऊन घरी ठेवू नये. बाळ दूध ओढेनासे झाले, झटके आले, मिनिटाला साठ किंवा अधिक वेळा श्वास घेऊ लागले, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, हलवल्याशिवाय हातपाय हलवेना, तरीही तेच करावे. अशा बाळाला रक्ततपासणी आणि इंजेक्शनाची गरज पडते, आणि त्यात काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. आपल्या देशात वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या २८ दिवसांतच जातात. म्हणून दोन महिन्यांच्या आतल्या बाळाबद्दल आम्ही आधी एकच विचारतो. जेथे जाणार तेथून रात्री दोन वाजता लहान मुलांच्या डॉक्टरकडे पोचायला किती वेळ लागेल? तासाभराच्या आत असेल तर बोलणे पुढे जाऊ द्यावे. चोर्ला घाटात किंवा अनमोडच्या रानात, रात्रीच्या गाडीत असताना याचे उत्तर काय, ते ज्याचे त्याने ठरवावे.

लसीचे वेळापत्रकही आमच्या सहा आठवडे आणि तीन महिन्यांच्या हिशोबाशी जुळते. जन्मताच क्षयाची लस, पोलिओचे थेंब आणि ब जातीच्या काविळीची लस मिळते. डांग्या खोकला आणि घटसर्प यांवरची लस मात्र ६, १० आणि १४ आठवड्यांना, पेंटाव्हॅलंट या एकत्रित लसीतून मिळते. एका डोसाने अर्धवट संरक्षण होते, तिन्ही झाले की चांगले होते. डांग्या खोकला मोठ्यांना रेंगाळणाऱ्या खोकल्यासारखा वाटतो, पण तान्ह्या बाळाचा श्वास त्याने थांबू शकतो. गोवरची लस तर नवव्या महिन्यात असते. तोपर्यंत गोवर आलेल्या घरी बाळाला पाहुणे नेऊ नये, मग तो घरचा समारंभ असला तरी. पहिलटकरीण माहेराहून बाळाला घेऊन तिसऱ्या किंवा पाचव्या महिन्यात सासरी येते, ही आपली रीत या हिशोबाला छान बसते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय प्रवासासाठी जन्मतारखेपासून मोजू नये, बाळंतपणाची जी तारीख डॉक्टरांनी दिली होती तिच्यापासून मोजावे. दीड महिना आधी जन्मलेले बाळ तीन महिन्यांचे झाले तरी प्रवासाच्या दृष्टीने ते दीड महिन्याचेच. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच टोचावी, तिला उशीर करू नये. जन्मवजन अडीच किलोच्या खाली असेल, किंवा हृदयाचा वा फुप्फुसाचा काही दोष असेल, तर आमचे हे दिवस विसरून आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

बाळाच्या आईला कोणी विचारतच नाही. तिच्या पोटावर टाके असतील, रक्तस्राव चालू असेल, रात्रीची झोप नसेल. बाळंतपणानंतर सहा आठवडे पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो, आणि तासन् तास पाय लोंबकळत बसल्याने तो वाढतो. प्रवास करावाच लागला तर तिने दर तास-दोन तासांनी उठून चार पावले चालावे, पाणी भरपूर प्यावे. पोटरी दुखून सुजली किंवा एकाएकी धाप लागली तर दवाखाना गाठावा. घाटात सहसा बाळाला मळमळत नाही. गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखालच्या मुलांत क्वचितच होतो. त्रास होतो तो आईलाच.

वाहनाविषयी थोडे. आगगाडी सर्वात बरी: आईला पाय पसरता येतात, आडोसा करून पाजता येते. खालचा बर्थ घ्यावा, बाळाला भिंतीकडच्या बाजूला उताणे निजवावे, तोंडावर पांघरूण घेऊ नये. मोटारीत पुढच्या सीटवर मांडीवर बाळ घेऊन बसू नये. ब्रेक लागला तर हातातले बाळ धरता येत नाही, आणि हवेची पिशवी फुगली तर बाळच चिरडते. मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवायची बाळाची खुर्ची मिळाली तर घ्यावी. दर दोन तासांनी थांबून बाळाला तीतून काढून आडवे करावे. दुचाकी तर नकोच. २०२२ च्या केंद्र सरकारच्या नियमाने ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा लागतो, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. त्याहून लहान बाळाची मान हेल्मेटचे ओझे पेलतच नाही.

विमानाबद्दल बाळाच्या बापाचे म्हणणे खरे आहे. काही दिवसांच्या बाळालाही विमान कंपन्या घेतात, पण परवानगी म्हणजे सल्ला नव्हे. विमानातली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. निरोगी बाळ ते सोसते, अपुऱ्या दिवसांच्या किंवा फुप्फुस कमजोर असलेल्या बाळाला ते जड जाते. विमान उतरताना कानात दडे बसतात, त्या वेळी अंगावर पाजावे. आखातात नोकरी करणाऱ्यांना बाळाची फार घाई असते. तेथे जन्मदाखला आणि पासपोर्ट यांतच काही आठवडे निघून जातात, हे बाळाचे भाग्यच म्हणायचे. थंड हवेचे ठिकाण निवडताना महाबळेश्वर किंवा उटीची चिंता नको. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तेथे तान्ह्या बाळाला मुक्कामाला नेऊ नये.

मे महिन्यात खरा शत्रू ऊन आहे. बाळाला मोठ्यांसारखा घाम सुटत नाही. तरी बसमध्ये लोकरीचे टोपडे, वर दोन दुपटी गुंडाळलेली बाळे आम्ही दरवर्षी पाहतो! उन्हाळ्यात एक सुती झबले पुरे. बाळाला गरम होते की काय हे हातपाय चाचपून कळत नाही, मानेमागे आणि पोटावर हात ठेवून पाहावे. प्रवास पहाटे किंवा सूर्य कलल्यावर करावा. उभ्या मोटारीत बाळाला "दोन मिनिटे" म्हणूनही एकटे ठेवू नये. डासांसाठी मच्छरदाणी न्यावी, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डास पळवायचे मलम लावू नये.

कितीही उकडले तरी सहा महिन्यांपर्यंत पाण्याचा थेंबही देऊ नये. आईच्या दुधात शंभरात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते, बाळाला जास्त वेळा पाजले म्हणजे झाले. चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील तर दूध पुरते आहे. वरच्या दुधावरच्या बाळाचा प्रवास आणखी पुढे ढकलावा. न्यावेच लागले तर बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, कारण तो उकळून स्वच्छ करता येतो. दूध आयत्या वेळी उकळत्या पाण्यात कालवून, निववून पाजावे, आणि दोन तासांनी उरलेले टाकून द्यावे.

बाप्तिस्म्याचे काय, असे कोणी विचारील. तो पहिल्या काही आठवड्यांतच व्हावा असे चर्चचा नियम सांगतो, आणि गावातल्या चर्चपर्यंत तासाभरासाठी जाणे म्हणजे प्रवास नव्हे. काळजी असते ती नंतरच्या जेवणाची. साठ-सत्तर पाहुणे बाळ हातोहात फिरवतात आणि मुके घेतात. ओठावर जर आलेल्या किंवा सर्दी-खोकला असलेल्या माणसाने बाळाच्या जवळ येऊ नये, बाकीच्यांनी हात साबणाने धुऊन बाळ घ्यावे आणि तोंडाचा मुका घेऊ नये. रात्री मुक्काम करावा लागला तर ज्याने दारू घेतली आहे त्याने बाळाशेजारी निजू नये, तो बाळाचा बाप असला तरी. झोपेत अंग पडून बाळ गुदमरल्याच्या गोष्टी खोट्या नाहीत.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आणि निघताना बाळाचा ताप पाहावा. पिशवीत थर्मामीटर, तायी कार्ड, पुरेसे लंगोट आणि जेथे जायचे तेथल्या दवाखान्याचा फोन नंबर असावा. लसीची तारीख प्रवासात येत असेल तर लस टोचून एक-दोन दिवस थांबून निघावे, कारण लसीनंतर थोडा ताप येतो आणि तो लसीचा की दुसरा, हे गाडीत बसून कळत नाही. बाळ नेहमीसारखे पीत नसेल तर त्या दिवशी तिकीट रद्द करावे. थोरल्या मुलांना सुट्टी हवीच असेल तर बापाने किंवा काकांनी त्यांना चार दिवस फिरवून आणावे, आणि बाळ-बाळंतिणीने आजीजवळ राहावे.