शेकाचा हिशेब



'किरणोपचार' हा शब्द पुस्तकातला झाला. घरात, ओटीवर बोलताना आपण 'शेक घेतला', 'लाइट दिली' असे म्हणतो. आणि बहुधा आवाज खाली आणून म्हणतो. आजचा विषय स्तनाच्या कर्करोगावरील हा शेक हा आहे. आंजर्ल्यासारख्या गावी त्याविषयी मोकळेपणाने बोलण्यास एक विशेष कारण आहे. स्तनात लहानशी गाठ निघाली, तर पुष्कळदा बाईपुढे दोन वाटा असतात. एक, सगळा स्तन काढून टाकावयाचा. दुसरी, गाठ तेवढी काढावयाची, स्तन राखावयाचा आणि मग त्यावर किरण घ्यावयाचे. ही निवड वास्तविक रोगाकडे पाहून व्हावी. परंतु मुंबई येथून दोनशे किलोमीटरांहून दूर. तेथे राहावयाचे कोणाकडे, गोठ्यातले जनावर कोण पाहणार, मुलांच्या शाळेचे काय, ह्या प्रश्नांवरच ती निवड होऊन जाते. म्हणून शेकाला दिवस किती लागतात, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला तरी तसा नाही.

प्रथम, किरण करतात काय ते पाहू. आपल्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात. वर दिसणारे तण हाताने उपटता येते. पण मातीत पडलेले तणाचे बी डोळ्यांना दिसत नाही. त्यावर पातेरा आणि टहाळ पसरून भाजले म्हणजे ते बी जळते. शल्यक्रिया ही उपटणी होय; किरण हा राब होय. डॉक्टर गाठ काढतात तेव्हा जे दिसते ते निघते. परंतु आजूबाजूस रोगाच्या थोड्या पेशी उरलेल्या असू शकतात. किरण पेशीच्या गाभ्यातील वंशसूत्रांवर घाव घालतात. निरोगी पेशी तो घाव बऱ्याच अंशी भरून काढते, रोगट पेशीला ते तितके साधत नाही. म्हणूनच मात्रा एकदम न देता रोज थोडी थोडी देतात; मधल्या रात्रीत निरोगी पेशीला सावरण्यास अवसर मिळतो.

ह्यापुढे मात्र आमचा दाखला लंगडा पडतो, आणि तो जेथे लंगडा पडतो तेथेच आजच्या विषयाचे मर्म आहे. जमीन दरवर्षी भाजता येते. शरीर येत नाही. एका जागी दिलेल्या किरणांचा बराचसा हिशेब शरीर कायम ठेवते. ह्या मुद्द्याकडे आपण पुन्हा येऊ.

विल्हेल्म रॉण्टगेन यांना क्ष-किरण सापडले ते १८९५ साली. क्यूरी पतिपत्नींनी रेडियमचा शोध लावला १८९८ साली. त्या काळी अमेरिकेत हॉलस्टेड यांची शल्यक्रिया प्रमाण मानली जात होती: स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सर्व काढावयाचे. जितके अधिक कापावे तितकी बाई अधिक सुरक्षित, असा तो विचार. १९२०नंतरच्या दशकात लंडनचे शल्यविशारद जेफ्री कीन्स ह्यांनी स्तनात रेडियमच्या सुया ठेवून स्तन राखण्याचा प्रयत्न केला. पण बहुतेकांनी तिकडे लक्ष दिले नाही.

आपल्या प्रांतात ह्या विद्येचे मोठे घर म्हणजे परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढे सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या द्रव्यातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले. १९६२ साली ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आले. कर्करोगाचे रुग्णालय अणुखात्याकडे कसे, असे पुष्कळांना वाटते. परंतु किरणोत्सर्गी कोबाल्ट हे दोघांमधले नाते आहे. त्याच खात्याच्या भाभा केंद्राने 'भाभाट्रॉन' हे कोबाल्टचे देशी यंत्र बनविले.

हॉलस्टेडचा विचार खरा की खोटा, ह्याचा निकाल पुढे प्रयोगांनी लागला. मिलान येथे व्हेरोनेसी यांनी १९७३ साली आणि अमेरिकेत फिशर यांनी १९७६ साली ते सुरू केले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे बायकांचे गट पाडले आणि वीस वर्षे त्यांचा मागोवा घेतला. २००२ साली दोघांचेही निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्तन काढलेल्या आणि स्तन राखलेल्या बायकांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. फिशर यांच्या प्रयोगात नुसती गाठ काढलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे ३९ जणींना त्याच स्तनात रोग उलटला. गाठ काढून किरण दिलेल्यांत सुमारे १४ जणींना. राब भाजण्याचे फळ ते हे. पुढे २०११ साली सतरा प्रयोगांतील १०,८०१ बायकांचा एकत्र हिशेब झाला. किरणांनी रोगाचे उलटणे तर निम्म्याच्या जवळपास आलेच. शिवाय ज्या चार जणींचे उलटणे टळले त्यांतील साधारण एकीचा मृत्यूही टळला.

आता दिवसांचा प्रश्न. मात्रा 'ग्रे' ह्या मापाने मोजतात. पूर्वी ५० ग्रे, रोज दोन ह्याप्रमाणे, पाच आठवडे देत. ब्रिटिश संशोधकांनी रोजचा घास थोडा मोठा आणि एकूण मात्रा कमी करून पाहिली. पंधरा दिवसांत ४० ग्रे, म्हणजे तीन आठवडे, हे जुन्या पद्धतीच्या तोडीचे ठरले. पुढे ४,०९६ रुग्णांच्या प्रयोगात पाच दिवसांत २६ ग्रे देऊन पाहिले. २०२० साली निष्कर्ष आला. पाच वर्षांत त्या बाजूस रोग उलटण्याचे प्रमाण तीन आठवडेवाल्यांत शेकडा २.१ आणि एक आठवडावाल्यांत शेकडा १.४ होते. पाच आठवड्यांचा मुक्काम पाच दिवसांवर आला! कोणास कोणती पद्धत लागू, काखेतल्या गाठींवर किरण हवेत काय, तरुण वयामुळे गाठीच्या जागी जादा मात्रा हवी काय, हे डॉक्टर ठरवितात. परंतु "आमच्यासाठी कमी दिवसांची पद्धत चालेल काय?" हा प्रश्न बाईने किंवा तिच्या घरच्यांनी अवश्य विचारावा. तो विचारल्यावाचून "राहणे जमणार नाही, स्तनच काढा" असे सांगून मोकळे होऊ नये.

प्रत्येकीला शेक लागतोच असेही नाही. पासष्टीच्या पुढच्या, लहान गाठीच्या आणि संप्रेरकविरोधी गोळ्या घेणाऱ्या १,३२६ बायकांच्या प्रयोगाचा दहा वर्षांचा हिशेब २०२३ साली प्रसिद्ध झाला. शेकावाचून शंभरात सुमारे साडेनऊ जणींना त्या जागी रोग उलटला, शेक घेतलेल्यांत एकीपेक्षाही कमी. पण आयुष्य दोहोंकडे सारखेच. अशा आजीने काय करावे हे तिला समजावून सांगावे आणि तिलाच ठरवू द्यावे. उलट, स्तन काढला म्हणजे शेक टळलाच असेही समजू नये. काखेतल्या गाठींत रोग पसरला असेल तर छातीवर किरण द्यावे लागतात.

काही भये निराधार आहेत. यंत्राने बाहेरून शेक घेतलेल्या बाईच्या अंगात किरण उरत नाहीत. तिने नातवाला मांडीवर घ्यावे. ह्या शेकाने डोक्याचे केस जात नाहीत. जातात ते रसायनोपचाराने. कातडी लाल होते, काळवंडते, थकवा येतो. डाव्या बाजूस हृदय जवळ असल्यामुळे दीर्घ श्वास रोखून किरण देण्याची युक्ती वापरतात. श्वासाने छाती फुगते आणि हृदय किरणांच्या वाटेतून दूर सरते.

आता मघाच्या मुद्द्याकडे येऊ. रोग उलटला तर? त्या जागी पूर्वी किरण दिलेले नसतील, तर पूर्ण मात्रा देता येते. स्तन काढल्यावर छातीवर गाठ उठलेल्या अशा बाईला शक्य तर ती गाठ काढून मग छातीवर शेक देतात. पूर्वी शेक झाला असेल, तर शरीराचे खाते आधीच भरलेले असते. राखलेल्या स्तनात रोग उलटला तर स्तन काढणे ही रूढ वाट. अलीकडे निवडक बायकांत दुसऱ्यांदा गाठ काढून, दीड ग्रेची लहान मात्रा दिवसातून दोनदा, स्तनाच्या तेवढ्याच भागावर देऊन पाहिली आहे. परंतु तो प्रयोग ५८ बायकांचाच होता. छातीवर पसरलेल्या रोगात किरणांबरोबर त्या भागाला खरोखरीची ऊब देण्याची पद्धतही आहे. पाच प्रयोगांच्या १९९६ सालच्या एकत्र हिशेबात नुसत्या किरणांनी गाठी शेकडा ४१ ठिकाणी पूर्ण विरल्या, ऊब दिल्यावर ५९ ठिकाणी. आणि रोग हाडांत गेला असता दुखणे शमविण्यास पुष्कळदा ८ ग्रेची एकच मात्रा पुरते. अशा बाईला एका दिवसाच्या शेकासाठी नेऊन आणता येते. "आता काही उरले नाही" म्हणून तिला कण्हत ठेवणे बरोबर नव्हे.

ह्या दुसऱ्या खेपेस डॉक्टर पहिली गोष्ट विचारतात ती अशी: पूर्वी शेक कोणत्या जागी, किती ग्रे, किती दिवसांत आणि कोणत्या साली झाला? उत्तर नसेल तर त्यांचे हात बांधले जातात. अधिक द्यावे तर कातडी, फासळ्या, फुप्फुस ह्यांस अपाय होण्याचे भय. कमी द्यावे तर रोग उरण्याचे. म्हणून आमचे सांगणे दोन गोष्टींचे आहे. सुरू केलेला शेक मध्येच सोडू नये. गावी तातडीने यावे लागले तर डॉक्टरांना सांगून यावे, म्हणजे राहिलेल्या दिवसांची भरपाई त्यांना करता येते. आणि शेक संपला म्हणजे त्याचा लेखी गोषवारा मागून घ्यावा.

आपल्या घरोघरी पेटीत सातबाराचे उतारे जपून ठेवलेले असतात. कलमांच्या जागेचा वाद पन्नास वर्षांनी निघाला तरी कागद सापडतो. त्याच पेटीत, त्याच फडक्यात, हाही कागद असावा. जमिनीचा कागद हरवला तर नक्कल मिळते. शरीराने जमेस धरलेल्या किरणांची नक्कल दर वेळी मिळेलच असे नाही.