वरळीचे छप्पर

आपले मोठे सोहळे उघड्यावर होतात. कुस्तीचा आखाडा उघडा, कबड्डीचे मैदान उघडे, सवाई गंधर्व महोत्सव मांडवात, सभा शिवाजी पार्कवर. पक्के छप्पर मिळाले ते नाटकाला, आणि नाट्यगृह म्हटले की आपली कल्पना हजारेक खुर्च्यांपाशी थांबते. खेळ आणि गाणे दोन्ही सामावून घेतील अशी हजारो प्रेक्षकांची बंदिस्त क्रीडागारे महाराष्ट्रात बोटांवर मोजण्याइतकीच. त्यांतले सर्वांत भरगच्च आयुष्य लाभले ते वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियमला, म्हणजे आजच्या एनएससीआय डोमला.

कोल्हापूरचा पूर्वज

खेळ आणि गाणे शेजारी नांदवण्याचा विचार वरळीच्या कितीतरी आधी कोल्हापुरात एकदा झाला होता. 1902 च्या युरोप दौऱ्यात राजर्षी शाहू महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि 1912 मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. हौदा मधोमध आणि बैठक चढती, त्यामुळे मागच्या माणसालाही मल्लाचा पट दिसतो. त्याला लागूनच 1915 मध्ये पॅलेस थिएटर झाले. तेच आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. मल्ल आणि गायकनट असे पाठीला पाठ लावून नांदलेली जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा सारे कोल्हापूर रस्त्यावर आले होते.

फ्रीस्टाइलचे दिवस

नॅशनल स्पोर्ट्स क्लब ऑफ इंडिया, म्हणजेच एनएससीआय, ही या डोममागची संस्था. क्रीडासंघटक अँथनी डी’मेलो तिच्या उभारणीत अग्रभागी होते. 1951 च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धांमागे त्यांचाही हात. क्लबचे हे स्टेडियम हाजी अलीजवळ, लाला लजपतराय मार्गावर आहे. मुंबईकरांच्या तोंडी ते ‘वल्लभभाई स्टेडियम’, आणि त्याला घरोघरी पोहोचवले ते दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांनी. किंगकाँग म्हणजे मूळचा हंगेरियन एमिल झाया, प्रचंड वजनाचा गडी. तालमीतले जुने वस्ताद अशा लढतींना नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली, कुस्ती म्हणून नाक मुरडत. गिरणगावातल्या प्रेक्षकाला त्याचे सोयरसुतक नव्हते. तिकीट काढून, क्रमांकाच्या खुर्चीवर बसून, दिव्यांच्या झोतात खेळ पाहण्याची सवय या कुस्त्यांनीच लावली.

माती सुटली

नूतनीकरणानंतर ‘डोम’ हे नाव रुळले. 26 जुलै 2014 रोजी प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना इथेच झाला. यू मुंबाने जयपूर पिंक पँथर्सला 45–31 असे हरवले. 31 ऑगस्टच्या अंतिम सामन्यात त्याच जयपूरने 35–24 अशी परतफेड केली.

या बदलाचे खरे मोल मैदानी कबड्डी पाहिलेल्याला कळते. तिथे दुपारपासून माती चाळायची, पाणी मारायचे, चोपायची, संध्याकाळी फक्कीच्या रेषा ओढायच्या. अवकाळी सर आली की सगळे मुसळ केरात. छपराखाली 13 बाय 10 मीटरची मॅट अंथरली की काम झाले. पायात बूट आले, चढाईला 30 सेकंदांचे घड्याळ लागले आणि पकड टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवता येऊ लागली. मुख्य म्हणजे जुलै–ऑगस्टच्या धो धो पावसात कबड्डीचा हंगाम भरवता आला. उघड्या मैदानावर हे स्वप्नातही शक्य नव्हते.

4 आणि 5 ऑक्टोबर 2019 ला भारतातले पहिले एनबीए सामने झाले तेही इथेच, इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांच्यात. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. पहिला सामना शाळकरी मुलांनी खच्चून भरलेल्या स्टेडियममध्ये जादा वेळेपर्यंत गेला आणि पेसर्सने 132–131 असा एका गुणाने मारला.

पुढच्याच वर्षी त्याच जमिनीवर खाटा लागल्या. 2020 च्या कोविड साथीत महापालिकेने डोममध्ये आधी अलगीकरणाची आणि मग उपचारांची सोय केली. खांब नसलेली सलग जागा आणि उंच छत या दोन्ही गोष्टी खेळासाठी होत्या, त्या साथीत उपयोगी पडल्या. हिंदी सक्तीचे शासननिर्णय मागे घेतले गेल्यावर 5 जुलै 2025 ला राज आणि उद्धव ठाकरे बऱ्याच वर्षांनी एका व्यासपीठावर आले, तो मराठीचा विजय मेळावाही याच डोममध्ये. ऐन आषाढातली सभा छपराखालीच बरी.

गाण्याची अडचण

गाण्याच्या बाबतीत मात्र अशी वास्तू अवघड पडते. घुमट आवाज गोळा करून खाली परत फेकतो, आणि शब्दावर शब्द चढतो. लंडनच्या 1871 च्या रॉयल अल्बर्ट हॉलने हे दुखणे जवळजवळ शंभर वर्षे सोसले. अखेर 1969 च्या सुमारास छताला फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगल्या, तेव्हा प्रतिध्वनी आटोक्यात आला. 1974 मध्ये लता मंगेशकर तिथे गायल्या आणि 1991 मध्ये तिथेच सुमो कुस्त्या रंगल्या. ध्वनीचा विचार केला तर एकच वास्तू दोन्ही पेलते, ती अशी.

मुंबईत त्यांच्या गर्दीला पुरेल एवढे बंदिस्त क्रीडागार नसल्याने बडे गायक उघड्या मैदानांवर जातात. 1996 मध्ये मायकेल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडासंकुलात आला, 2019 मध्ये यू-टू आणि जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. साहजिकच असे कार्यक्रम हिवाळ्याच्या चार महिन्यांतच कोंबावे लागतात.

कल्याणच्या पलीकडे

आणि वरळीचे छप्पर आमच्या पट्ट्यापासून लांब. अंबरनाथ पूर्वेच्या माणसाला वरळी गाठायची तर दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरायचे आणि तिथून टॅक्सी. परतीला शेवटची कर्जत लोकल डोक्यावर टांगलेली. सामना जादा वेळेत गेला की कानसई किंवा बी केबिन रोडचा प्रेक्षक स्कोअरबोर्ड सोडून घड्याळ पाहतो. नाटकासाठी कल्याणचे अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले नाट्यगृह आहे. अंबरनाथच्या वालधुनीकाठच्या 1060 च्या शिवमंदिरापाशी कला महोत्सव भरतो, तोही उघड्यावर, पावसाळा टाळून. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात कबड्डीची मंडळे आणि गाण्याचे क्लास गल्लोगल्ली आहेत, पण पावसाळ्याचे चार महिने त्यांच्यापाशी हक्काची मोठी जागा नाही.

इथे वीस हजार खुर्च्यांचा डामडौल कुणी मागत नाही. तीनेक हजार प्रेक्षकांचे छप्पर पुरे. त्याखाली गुंडाळता येणारी मॅट हवी, छताला आवाज शोषणारी पॅनेल हवीत आणि स्टेशन चालत गाठता यायला हवे. वल्लभभाई स्टेडियम टिकले ते पडेल ते काम अंगावर घेतल्यामुळे. उद्या आपल्याकडे अशा वास्तूचा नारळ फुटेल तेव्हा किती कोटींची हे विचारण्याआधी वर्षातले किती दिवस तिचे दार उघडे राहील आणि भाडे गल्लीतल्या मंडळाला परवडेल का, हे नगरपालिकेला विचारून घ्यावे.