रॉकेलची शेगडी आणि उघडी खिडकी



वैशाखाच्या उकाड्यात हातपंख्याने वारा घेत बसलेल्या मंडळींपुढे घर उबदार ठेवण्याच्या साधनाविषयी बोलावे, हे काहीसे विपरीत वाटेल. परंतु आज आपल्या शहरातील पुष्कळ घरांतील मुलगा, सून, लेक किंवा जावई न्यू जर्सीत, टोरांटोत नाही तर टोकियोत आहे. आजीआजोबाही तिकडे दोन-चार महिने राहून येतात. तिकडे हिवाळ्यात वीज गेली म्हणजे नुसता अंधार होत नाही, घर गारठते. भट्टी तेलाची किंवा गॅसची असली, तरी तिचा पंखा विजेवरच फिरतो. अशा वेळी जे साधन कामी येते, ते म्हणजे हाताने उचलून ठेवता येणारी रॉकेलची शेगडी. ती जीव वाचवते आणि चुकीने वापरली तर जीव घेतेही. या दोन गोष्टींमधली रेघ कोठे आहे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम गरज खरी आहे का, ते पाहू. १९९८ च्या जानेवारीत कॅनडातील क्वेबेक प्रांतात सतत काही दिवस गोठणारा पाऊस पडला. तारांवर बर्फाचे जाड थर चढले आणि विजेचे पोलादी मनोरे मोडून पडले. तीस लाखांहून अधिक लोकांची वीज गेली; काहींना ती परत मिळायला कित्येक आठवडे लागले. त्या प्रांतात वीज धरणांची आणि स्वस्त, म्हणून घरेही बहुतेक विजेवरच तापवलेली. २०११ च्या ११ मार्चला जपानच्या ईशान्य भागात भूकंप व सागरी लाट आली, तेव्हा तेथे बर्फ पडत होते. लाखो घरे अंधारात होती. पंख्याची आधुनिक शेगडी टाकीत तेल असूनही निकामी ठरली आणि वातीची जुन्या घाटाची शेगडी उपयोगी पडली. २०१८ च्या सप्टेंबरात भूकंपामुळे होक्काइदो हे सबंध बेट, म्हणजे सुमारे २९ लाख ५० हजार घरे, एकदम काळोखात गेले. महिना सप्टेंबरचा होता म्हणून निभावले. हेच जानेवारीत झाले असते तर, हा प्रश्न तेव्हा तेथे घरोघर विचारला गेला.

आता या शेगडीची रचना. आपल्या घरी गॅस येण्यापूर्वी वातींचा स्टोव्ह होता, तो ज्यांनी पेटवला आहे त्यांना ती निराळी समजावून सांगावयास नको. पंप मारण्याच्या स्टोव्हप्रमाणे तिच्यात तेलावर दाब नसतो. खाली टाकी, तिच्यात बुडालेली काचतंतूची गोल वात, आणि वर भोके पाडलेली लोखंडी नळकांडी. वात तेल वर ओढते, उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती वाफ भोकांतून आलेल्या हवेत मिसळून जळते. एका जातीची शेगडी मागे चकचकीत पत्रा लावून समोर बसलेल्या माणसाला ऊब देते. दुसरी, उंच गोल पिंपासारखी, सबंध खोलीची हवा तापवते. पहिली साधारण तीन किलोवॉटची असते, दुसरी साडेसहापर्यंत जाते. एक लिटर रॉकेलमध्ये सुमारे साडेनऊ युनिट विजेइतकी उष्णता असते. म्हणून पहिली शेगडी एका लिटरवर तीन तास चालते, दुसरी दीड तासात लिटर संपवते.

या शेगडीला धुराडे नसते, हे तिचे वैशिष्ट्य आणि तिचा धोकाही. लडाखमधील बुखारीला नळी असते; धूर बाहेर जातो आणि त्याबरोबर बरीच उष्णताही जाते. आपली शेगडी सारी उष्णता खोलीतच ठेवते, आणि जळून जे काही निर्माण होते तेही खोलीतच ठेवते. ते किती, याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर रॉकेल जळताना सुमारे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड आणि जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. खिडकीच्या काचेवरून ओघळणारे थेंब ते हेच. त्यासाठी लागणारा प्राणवायू दहा घनमीटर हवेत असतो, तितका. आता बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी खोली घ्या. तिच्यात सुमारे एक्केचाळीस घनमीटर हवा मावते. खोली अगदी घट्ट बंद असेल, तर एका लिटरमागे तिच्यातील प्राणवायूचा जवळजवळ चौथा हिस्सा संपतो.

प्राणवायू कमी पडू लागला की खरा शत्रू येतो, तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा त्याची ओढ दोनशे पटींहून अधिक. त्याने जागा अडवली की रक्त वाहत असूनही शरीर उपाशी राहते. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. माणसाला वाटते प्रवासाचा शीण असेल, आणि तो झोपतो. म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपू नये, हा पहिला नियम. क्वेबेकमध्ये काही माणसे थंडीने दगावली, तशीच काही या वायूने. तेव्हा घरात पेटवलेल्या वस्तूंमध्ये अंगणातल्या कोळशाच्या शेगड्याही होत्या. कोळसा तर रॉकेलच्या कितीतरी पट हा वायू सोडतो.

उपाय सर्वांना ठाऊक आहे : खिडकी किलकिली ठेवावी. मग माणसे ती का बंद करतात? कारण मनात येते, की बाहेरची थंडी आत घ्यावयाची तर शेगडी पेटवली कशाला? ही शंका रास्त आहे आणि तिला उत्तर आकड्यांनीच दिले पाहिजे. ज्वलनाला दहा घनमीटर हवा लागते. आपण तिच्या पंचवीस पट, म्हणजे लिटरमागे अडीचशे घनमीटर हवा बाहेरून आत येऊ देऊ. तेवढ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते. कारखान्यांत आठ तासांच्या कामासाठी हीच मर्यादा धरतात. बाहेर पाणी गोठण्याइतकी थंडी आहे आणि ही सारी हवा आपल्याला वीस अंशांपर्यंत तापवावयाची आहे. किती उष्णता लागेल? लिटरभर तेलातून मिळणाऱ्या उष्णतेच्या सुमारे सहावा भाग.

म्हणजे षष्ठांश! प्रजेच्या उत्पन्नाचा सहावा भाग राजाने घ्यावा आणि बदल्यात तिचे रक्षण करावे, असे आपल्या जुन्या ग्रंथांत सांगितले आहे. शेगडीच्या उबेतला षष्ठांश वाऱ्याला द्यावा, तो आपल्या जिवाचे रक्षण करतो. पाच भाग ऊब घरातच राहते. खिडकी उघडली म्हणजे सारी ऊब गेली, ही समजूत हिशेबाला टिकत नाही. बाहेर थंडी याहून कडक असेल तर कर थोडा वाढेल, इतकेच. खिडकी इंचभर उघडी ठेवावी आणि आतल्या खोल्यांचे दारही उघडे असावे.

तेलाविषयीही दक्षता हवी. अमेरिकेत या शेगडीसाठी १-के नावाचे स्वच्छ रॉकेल मिळते. त्यात गंधकाचे प्रमाण शंभरात ०.०४ पेक्षा अधिक नसते. गंधक जास्त असले की डोळे चुरचुरतात आणि वातीवर काजळी धरते. पेट्रोलचा अंशही तेलात जाता कामा नये. रॉकेलची वाफ पेट घेण्यास निदान अडतीस अंशांची उष्णता लागते. पेट्रोल कडाक्याच्या थंडीतही पेट घेते. म्हणून अमेरिकेत रॉकेलचा डबा निळा आणि पेट्रोलचा लाल ठेवण्याची रीत आहे. मात्र जपानच्या पूर्व भागात रॉकेलचेच डबे लाल असतात! तेव्हा परक्या देशात रंगावर विसंबू नये. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे. तेल भरणे ते घराबाहेर, शेगडी विझवून आणि निवल्यावर. टाकी काठोकाठ भरू नये. थंड तेल घरात आल्यावर फुगते. पडदे, गाद्या, कागद तीन फूट दूर असावेत, आणि शेगडीवर ओले कपडे वाळत घालण्याचा मोह टाळावा. जपानी शेगडीत भूकंपाचा धक्का बसताच वात आपोआप खाली पडून ज्योत विझवणारी योजना असते; कलंडण्याचे भय त्याने कमी होते, विषारी वायूचे नव्हे. त्यासाठी घंटा वाजवणारे, बॅटरीवर चालणारे यंत्र मिळते. ते नसेल त्या घरात ही शेगडी आणू नये. आणखी एक गोष्ट : मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात राहत्या घरात अशी शेगडी वापरण्यास कायद्याने मनाई आहे. आपला मुलगा जेथे राहतो तेथील नियम आधी विचारावा.

शेवटी कोणी म्हणेल, आम्हांला इथे या सर्वांचे काय? उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी उठत नाहीत. आणि आपल्या महाराष्ट्रात, न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरने धडधाकट तरुण माणसे गेली आहेत. साधन वेगळे, पण हिशेब हाच : लहान जागा, बंद खिडकी, जळती ज्योत. बोचरा वारा येतो म्हणून कोणी न्हाणीघराच्या झरोक्यावर पुठ्ठा लावला असेल, तर आज व्याख्यान संपल्यावर घरी जाऊन तो आधी काढून टाकावा, एवढीच विनंती.